अपील करणार नसाल, तर तसं लिहून द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव व विधी परामर्शी, विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, अभियोग संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : गंभीर दुखापतीच्या खटल्यांतील अपुऱ्या शिक्षेविरुद्ध राज्य सरकारची अपिलं

महोदय,

कोयत्याने हात तुटलेल्या माणसाला, आरोपी निर्दोष सुटला तर स्वतः अपील करता येतं. आरोपीला हलक्या कलमाखाली दोषी धरलं तरी करता येतं. नुकसानभरपाई कमी मिळाली तरीही करता येतं. पण आरोपी दोषी ठरला, योग्य त्याच कलमाखाली ठरला आणि शिक्षा मात्र नावापुरती झाली, तर या माणसाला अपील करता येत नाही. तो अधिकार राज्य सरकारचा आहे, म्हणजे व्यवहारात आपल्या दोन कार्यालयांचा. तो कसा वापरला जातो, आणि बहुतेकदा कसा न वापरताच विरून जातो, याबद्दल हे पत्र आहे.

मी वकील नाही. आधी ग्रामीण रुग्णालयांत आणि पुढे जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. मारामारीत जखमी झालेल्यांना टाके घालणं, त्यांची जखमेची प्रमाणपत्रं लिहिणं आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी सहा-सात वर्षांनी, समन्स आलं की कोर्टात जाऊन तीच प्रमाणपत्रं वाचून दाखवणं, हा त्या नोकरीतला मोठा भाग होता. उलटतपासात एक प्रश्न ठरलेला असे : "डॉक्टर, अशी जखम धारदार वस्तूवर पडल्यानेही होऊ शकते, हे खरं आहे का?" खरं असेल तिथे "होय" म्हणावंच लागे. साक्ष संपली की भत्त्याच्या कागदावर सही करून एसटी पकडायची. निकाल काय लागला, हे डॉक्टरला कोणी कळवत नाही. मला जे कळलं ते पेशंटांकडून, आणि तेही अपिलाची मुदत उलटून गेल्यावर.

कायद्याची बाजू मी नंतर वकील मित्रांकडून समजून घेतली. आपल्याला ती सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांत असे जखमी लोक आणि त्यांचे नातेवाईकही असतील, म्हणून थोडक्यात मांडतो. १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत शिक्षा कमी पडली म्हणून सरकारने अपील करायची सोयच नव्हती. उच्च न्यायालयाने पुनरीक्षणात, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासून पाहण्याच्या अधिकारात, शिक्षा वाढवली तर वाढवली. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तेव्हा ही सोय देणारं कलम ३७७ आलं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्धचं अपील सत्र न्यायालयात नेण्याची सुधारणा २००६ मध्ये अमलात आली. त्याआधी तालुक्याच्या कोर्टातल्या शिक्षेसाठीही मुंबई, नागपूर, औरंगाबाद गाठावं लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तीच तरतूद आता कलम ४१८ मध्ये आहे. शब्द तेच : राज्य सरकार सरकारी अभियोक्त्याला तसं अपील दाखल करण्याचे निर्देश देऊ 'शकेल'.

३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतःचं अपील मिळालं. ते मी वर सांगितलेल्या तीनच कारणांसाठी, आणि नव्या संहितेच्या कलम ४१३ मध्येही ती कारणं तीनच राहिली. खंडणीसाठी पळवून नेऊन मारलेल्या मुलाचा बाप दिल्लीहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०२० साली न्यायालयाने त्याला सांगितलं की शिक्षा अपुरी आहे या कारणावर पीडिताचं अपील चालत नाही, तो अधिकार राज्याचा. त्या बापाला फाशी हवी होती. माझा त्याच्या मागणीला पाठिंबा होता असं नाही, पण त्या निकालाने जो नियम पक्का केला तो कोयत्याच्या आणि कुऱ्हाडीच्या प्रत्येक जखमेला लागू आहे. आणखी एक गोष्ट. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात, सरकार किंवा फिर्यादीने शिक्षा वाढवून मागितलेली नसताना, उच्च न्यायालयाने परस्पर शिक्षा वाढवू नये, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. दाद मागायला गेलेल्या माणसाची शिक्षा दाद मागितल्यामुळेच वाढावी, हे बरोबर नाही. पण त्यामुळे सगळा भार आपल्या अपिलावर येऊन पडतो. आपण ते केलं नाही, तर जखमी माणसासाठी सरळ वाट उरत नाही. पुनरीक्षणाचा आडमार्ग आहे, पण तो माहीत असलेला आणि परवडणारा फिर्यादी मी तरी पाहिलेला नाही.

आता डॉक्टर म्हणून जे पाहिलं ते सांगतो, कारण अपील का होत नाही याचं एक मूळ माझ्याच टेबलावर होतं.

जखमेचं प्रमाणपत्र पहिल्या रात्री लिहिलं जातं. त्यात रकाने असतात : जखमेचा प्रकार, लांबी-रुंदी-खोली, शरीराचा भाग, जखम किती वेळापूर्वीची, कोणत्या हत्याराची असावी, साधी की गंभीर. एक्स-रे यायचा असेल तर "मत राखून" असा शेरा. मग पेशंट सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला रवाना. तिथे शिरा जोडल्या जातात, हाडात सळ्या बसतात, कवटीतली गुठळी काढली जाते. ते सर्जन साक्षीला क्वचित बोलावले जातात. बोलावले तोवर निवासी डॉक्टर शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. कोर्टात राहतो तो माझा पहिल्या रात्रीचा कागद : "उजव्या पुढच्या हातावर छेदित जखम, १२ × ३ सें.मी., हाडापर्यंत खोल. गंभीर."

सहा महिन्यांनी त्या हाताचं काय झालं, याला त्या कागदावर रकाना नाही. डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, बसलेल्या माणसाला दोन वर्षांनी झटके सुरू होऊ शकतात. त्याचा वास जातो, आणि बायको सांगते की माणूस पूर्वीचा राहिला नाही, चिडतो, विसरतो. गालावरच्या वारात चेहऱ्याची नस तुटली असेल तर डोळा मिटत नाही, पाणी पिताना ओघळतं. कायद्याच्या भाषेत हे सगळं एकाच शब्दात बसतं : गंभीर. दात पडला तरी गंभीर, हात लुळा पडला तरी गंभीर. तसं लिहिताना चूक काही नाही, व्याख्याच तशी आहे. हाडाचा किंवा दाताचा भंग, चेहऱ्याची कायमची विद्रूपता, डोळा जाणं, अवयव निकामी होणं, पूर्वी वीस आणि आता पंधरा दिवस तीव्र वेदनेत काढणं, हे सगळं एकाच व्याख्येत आहे. दोष सिद्ध करायला तेवढं पुरतं. शिक्षा ठरवायला पुरत नाही.

एक गवंडी मला आठवतो. बांधाचं भांडण, तेही त्याचं नव्हे, भावाचं. डोक्यावर येणारा वार त्याने हात आडवा धरून झेलला. मनगट वर उचलणाऱ्या सगळ्या शिरा तुटल्या. जोडल्या गेल्या, पण हातात थापी धरायची ताकद काही परत आली नाही. पुढे तो बिगारी म्हणून जायचा, डाव्या खांद्यावर घमेलं घेऊन. खटला चालायला वर्षं गेली. आरोपी जुन्या दंड संहितेच्या कलम ३२६ खाली, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याबद्दल, दोषी ठरला. शिक्षा : अटकेत काढलेले काही आठवडे, तेवढेच पुरेसे, आणि दंड. निकालात कारणं होती, तीही दिसायला वाजवी : घटना जुनी झाली, आरोपी तरुण, पहिलाच गुन्हा, घरचा कमावता. समोरचा माणूसही घरचा कमावता होता आणि आता अर्धी मजुरी आणतो, ही ओळ निकालात नव्हती. ती तिथे असणार तरी कशी? कोर्टाला ती कोणी सांगितलीच नव्हती. त्याच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं, वैद्यकीय मंडळाने दिलेलं. ते त्याने एसटीच्या सवलतीसाठी काढलं होतं. कोर्टाच्या फायलीत ते कधी गेलं नाही, कारण गुन्ह्याचं दोषारोपपत्र ते निघण्याच्या बरंच आधी दाखल झालेलं होतं आणि नंतर कोणी विचारलं नाही.

तो माझ्याकडे आला तो "डॉक्टर, आता कुठं अर्ज करायचा?" असं विचारत. मी त्याला सरकारी वकिलांच्या कार्यालयात पाठवलं. तिथे त्याला सांगितलं गेलं की प्रस्ताव वर गेला आहे. काही महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही प्रस्ताव वरच होता. शेवटी एका वकिलाने चौकशी केली तर प्रस्ताव नावाचा कागदच सापडला नाही. कोणी खोटं बोललं असेल असं मला वाटत नाही. "वर गेलंय" हे सरकारी नोकरीत मीही पुष्कळदा बोललो आहे, आणि त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की आपल्या टेबलावर नाही.

शिक्षेच्या सुनावणीबद्दल बोलू. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं कायदा सांगतो. आरोपीचा वकील तेव्हा तयार असतो : म्हातारे आईबाप, लहान लेकरं, शेती, पहिलाच गुन्हा. हे सगळं मांडणं त्याचं कामच आहे आणि ते तो चोख करतो. सरकारी बाजूचं म्हणणं बहुतेक निकालपत्रांत एका वाक्याचं असतं, "कायद्यात असलेली जास्तीत जास्त शिक्षा द्यावी." जास्तीत जास्त म्हणजे जन्मठेप. कोणता न्यायाधीश पहिल्याच गुन्ह्यातल्या बावीस वर्षांच्या पोराला त्या वाक्यावर जन्मठेप देईल? मागणी इतकी अवास्तव आणि तिच्यामागे पुरावा इतका शून्य, की ती न केल्यासारखीच होते. मग न्यायाधीशांसमोर एका बाजूला जिवंत कुटुंब असतं आणि दुसऱ्या बाजूला १२ × ३ सेंटिमीटर. शिक्षा ठरवणं हाच आपल्या फौजदारी न्यायाचा सगळ्यांत कच्चा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्वतः म्हटलेलं आहे. २००३ मध्ये फौजदारी न्यायातल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वं ठरवावीत अशी शिफारस केली होती. ती तत्त्वं आजही नाहीत.

यात कोर्टाच्या पायरीचाही प्रश्न आहे. घातक हत्याराने गंभीर दुखापत या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, पण केंद्राच्या जुन्या संहितेच्या तक्त्यात तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालणारा, आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. जास्त द्यायला हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येतं, त्यांची मर्यादा सात वर्षं. तशी विनंती करायचं सुचायला हवं ते सरकारी अभियोक्त्याला, आणि एका दिवसाच्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असलेल्या सहायक सरकारी अभियोक्त्याला ते सुचलं नाही, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. अपील कुठे करायचं आणि किती दिवसांत, हेही यावरच ठरतं. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साठ. नकलेला लागलेले दिवस वजा होतात. तेवढ्यात सरकारी वकिलांचं मत, पोलिसांचा प्रस्ताव, टिपणी, मंजुरी, उच्च न्यायालयातल्या सरकारी वकील कार्यालयाकडे रवानगी. मुदत उलटली की विलंब माफीचा अर्ज, आणि फायली फिरत राहिल्या हे विलंबाचं कारण म्हणून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय सरकारांना पुन्हा पुन्हा सुनावत आलं आहे.

सरकारने अपील केलं तर काय होतं, याचं उदाहरण शेजारच्याच राज्यातलं आहे. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात कलम ३२६ खाली तीन वर्षांची शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि शिक्षा भोगलेल्या कैदेवर आणली. ती कैद होती चौदा दिवसांची. मध्य प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ साली तीन वर्षांची शिक्षा परत लागली. अवाजवी दया दाखवून कमी शिक्षा दिली तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो, अशा अर्थाचं न्यायालयाने त्यात लिहिलं. तिथे कोणीतरी तो निकाल वाचला, कोणीतरी चौदा या आकड्याखाली रेघ ओढली, कोणीतरी सही केली. माझं मागणं एवढंच आहे की आपल्याकडे तशी सही करणारा माणूस ठरलेला असावा.

माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू आरोपी असलेलं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यावरच्या भांडणात मारहाण झाली आणि पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ गेले. १९९९ मध्ये निर्दोष, २००६ मध्ये उच्च न्यायालयात तीन वर्षं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात साधी दुखापत धरून फक्त एक हजार रुपये दंड. १९ मे २०२२ रोजी फेरविचारात एक वर्ष सक्तमजुरी झाली, म्हणजे त्या कलमाखालची कमाल शिक्षा. ती झाली ती मृताच्या कुटुंबाने फेरविचाराची याचिका करून चिकाटी धरली म्हणून. चौतीस वर्षं कोर्टात टिकून राहणारं कुटुंब किती जणांना असतं? माझ्या गवंड्याला तालुक्याला यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडवावी लागे.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता हे पत्र पाठवणं मला बरं वाटणार नाही.

शिक्षा कमी दिसली की ती चुकीचीच, असं मी म्हणत नाही. मारामारीतले दोन्ही गट एकाच रात्री माझ्याकडे येत, एकमेकांविरुद्ध फिर्यादी होत, आणि कोणाचा वार आधीचा हे जखमा सांगत नाहीत. कारागृहाच्या दवाखान्यात मी कच्चे कैदी तपासले आहेत. तीन महिने तिथे राहून माणूस सुधारून बाहेर येतो, असं मानणाऱ्याने एकदा तिथली बराक बघावी. काही प्रकरणांत न्यायाधीशांनी आरोपीला पाहिलेलं असतं, साक्षीदार पाहिलेले असतात, आणि सौम्य शिक्षा हाच तिथे न्याय असतो. अपील केलं तर आरोपीला म्हणणं मांडायची पूर्ण संधी मिळते, एवढंच काय, ते मांडताना तो 'मी निर्दोषच आहे' असंही म्हणू शकतो, म्हणजे वाढवायला गेलेली शिक्षा अजिबातच जाऊ शकते. चांगला सरकारी वकील हे तोलूनच मत देतो. वर्तमानपत्रात बोंब झाली म्हणून अपील आणि झाली नाही म्हणून शांतता, ही पद्धत तर सगळ्यांत वाईट. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या आल्या की आरोपींची वस्तीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ फिरतात, लोक टाळ्या वाजवतात. त्याच आरोपींना दोन-तीन वर्षांनी किती शिक्षा झाली, आणि झाली तर ती पुरेशी होती का, हे कोणी विचारत नाही. धिंड काढणं बेकायदा तर आहेच, शिवाय आळशीपणाचंही आहे. खरं काम कोर्टात असतं आणि तिथे कॅमेरा नसतो.

आणि उशिराचं अपील आरोपीवरही अन्याय करतं. सहा आठवड्यांत नोटीस आली तर त्याला कळतं की प्रकरण संपलेलं नाही. तीच नोटीस सहा वर्षांनी आली तर तोवर त्याने लग्न केलेलं असतं, नोकरी धरलेली असते, आणि मग कोर्टालाही त्याला परत तुरुंगात धाडवत नाही. तेव्हा वेळेवर निर्णय घ्या ही मागणी फक्त जखमी माणसाच्या बाजूची आहे असं समजू नका.

तडजोडीबद्दलही एक शब्द. गावात दबाव असतो. गंभीर दुखापतीच्या मोठ्या कलमांत कायद्याने तडजोड चालत नाही, तरी शिक्षेच्या वेळी "आता दोघांचं मिटलं आहे" असा अर्ज येतो आणि शिक्षा खाली येते. कधी ते खरं असतं. कधी फिर्यादीच्या अंगठ्यामागे भावकीचे चार लोक उभे असतात. त्यातलं खरं कोणतं, हे त्याला एकट्याला बसवून विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तसं विचारणं अभियोग पक्षाचंच काम आहे. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्य सरकारची आर्थिक मदतीची मनोधैर्य योजना आहे, कायद्यात किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. ते हवंच होतं. कोयत्याने लुळा पडलेल्या हातासाठी मात्र जे काही मिळतं ते अर्ज करणाऱ्याच्या धडपडीवर अवलंबून आहे. प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार झालाच पाहिजे आणि तो केल्याचं निकालात दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. तो विचार व्हायला तरी नंतरच्या वैद्यकीय स्थितीचा कागद लागतोच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या कायद्याने एक सोय झाली. गंभीर गुन्ह्यात शिक्षा अवाजवी सौम्य वाटली तर ॲटर्नी जनरल ती अपील न्यायालयाकडे नेऊ शकतात, आणि त्यासाठी शिक्षेपासून २८ दिवसांची मुदत त्या कायद्याने घातली. तिथेही अंतिम निर्णय सरकारच्याच वकिलाचा आहे, पीडिताचा नाही. फरक एवढाच की 'ही शिक्षा तपासून बघा' अशी विनंती कोणीही करू शकतं, पीडित, नातेवाईक, अगदी परका माणूससुद्धा, आणि ती विनंती कुठे करायची हे जाहीर असतं. त्यासाठी आपल्याला कायदा बदलायची गरज नाही. एक पत्ता आणि एक नोंदवही पुरेल.

कायदा तर आपल्या हाती आधीच काही देऊन बसला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने अभियोग संचालनालयाची कामं नेमून दिली आहेत. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांतल्या खटल्यांवर लक्ष ठेवणं आणि अपील दाखल करण्याबाबत मत देणं हे संचालकांचं काम आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. सात ते दहा वर्षांचे गुन्हे उपसंचालकांकडे, त्याखालचे सहायक संचालकांकडे. म्हणजे घातक हत्याराने केलेली गंभीर दुखापत थेट संचालकांच्या कक्षेत येते, कारण तिला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत तिला किमान एक वर्षाची कैद घातली आहे. आणि दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं तर कलम ११७(३) खाली किमान दहा वर्षं. पण 'कायमचं' हे सिद्ध कोण करणार? पहिल्या रात्रीच्या प्रमाणपत्रावर ते लिहिता येत नाही, कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरला लिहिता येणार नाही. खटला शिक्षेवर येईपर्यंत दुसरी तपासणी झालीच नाही, तर हे नवं कलम कागदावरच राहील आणि शिक्षा कमी पडली म्हणून अपील करायलाही नोंदीत आधार सापडणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी. गंभीर दुखापतीच्या प्रत्येक खटल्यात, साक्षीपुरावा संपायच्या आत, जखमी व्यक्तीची पुन्हा एकदा सरकारी रुग्णालयात तपासणी करून सद्यस्थितीचा अहवाल मागवावा. आम्हा डॉक्टरांना ते अर्ध्या तासाचं काम आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तेही दाखल करावं. शिक्षेच्या सुनावणीत सरकारी अभियोक्त्याने किती वर्षं आणि का, हे लेखी द्यावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, दोष सिद्ध झाल्यावर अपिलाच्या मुदतीच्या आत कलम ४१८ खाली अपील करायचं की नाही याचा निर्णय लेखी व्हावा, त्यावर तारीख, कारण आणि सही असावी, आणि तो जखमी माणसाला पोस्टाने कळवावा. निर्णय 'करायचं नाही' असा असला तरी चालेल. बहुतेक प्रकरणांत तसाच असेल आणि तसाच असावा. पण आज तो निर्णय कोणी घेतच नाही. मुदत संपते, आणि मुदत संपणं हाच निर्णय ठरतो.

आक्षेप मनुष्यबळाचा येईल, हे मला माहीत आहे. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातले अभियोक्ते कमी, लिपिक त्याहून कमी, आणि जिल्हा रुग्णालयात डॉक्टर कमी हे तर मी स्वतः भोगलं आहे. पण गंभीर दुखापतीत दोष सिद्ध होणारे खटले मुळात थोडे. साक्षीदार फितूर होतात, पंच फिरतात, फिर्यादी कंटाळतो. या सगळ्यातून जो खटला पार होतो, तो पार करायला पोलिसांनी, अभियोक्त्यांनी आणि कोर्टाने वर्षं घातलेली असतात. त्या थोड्या निकालांवर एकेक पान लिहायला माणसं नाहीत, हे मला पटत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आहे आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याला जोडले आहेत. अपिलाचा कागद मुंबईला न्यायचा म्हणून होणारी दिरंगाई निदान या जिल्ह्यांपुरती कमी झाली आहे. सुरुवात तिथून करून पाहता येईल.

या पत्राबरोबर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दोन अर्ज, प्रत्येकी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, आपल्या दोन्ही कार्यालयांच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे पाठवत आहे. विचारलेलं असं : मागच्या पाच वर्षांत कलम ३२६ आणि ३०७ (खुनाचा प्रयत्न), तसंच त्यांच्या जागी आलेल्या नव्या कलमांखाली दोष सिद्ध झालेल्या किती खटल्यांत अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा प्रस्ताव आला, जिल्हानिहाय. त्यातले किती मंजूर झाले, किती नामंजूर, किती मुदतीनंतर दाखल झाले. आणि नामंजूर झालेल्यांपैकी किती प्रकरणांत जखमी व्यक्तीला तसं कळवलं. अशी नोंद ठेवली जात नसेल, तर "नोंद उपलब्ध नाही" एवढंच उत्तर द्यावं. तेही मी याच पत्राखाली जसंच्या तसं छापेन.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
(नाव व पत्ता अर्जांवर दिला आहे.)